नवव्या मात्रेवरचा हात

“परत!” मुजावर सर म्हणाले.

मी परत धरलं. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा. सर समोर मांडी घालून टाळ्या देत होते. पहिल्या मात्रेवर टाळी, पाचव्या मात्रेवर टाळी, आणि नवव्या मात्रेवर टाळीऐवजी त्यांचा उजवा हात ऐटीत बाहेर गेला. त्याबरोबर माझे दोन्ही हात तबल्यावरून उचलले गेले. गरम तव्यावरून उचलावेत तसे, आपोआप.

“अगं, थांबलीस का?”

“माहीत नाही सर.”

“बोल विसरलीस?”

“नाही सर. धा तिं तिं ता.”

“मग वाजव की!”

मी वाजवलं. सरांचा हात बाहेर गेला. मी थांबले. मागं बसलेली रेवा खुदकन हसली, आणि तिच्या हसण्यानं बाकीच्यांनाही परवानगी मिळाली.

ज्यांना तबल्यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण पुढं लागणार आहे. तीनतालात सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी वाजवायची. नवव्या मात्रेवर मात्र टाळी नाही, हात नुसता बाजूला टाकायचा. त्या जागेला म्हणतात खाली. खाली म्हणजे काही संपलेलं नसतं. ठेका चालूच असतो, फक्त डाव्या हाताचा डग्गा जरा गप्प बसतो. एवढंच. आणि या एवढ्याशा जागेवर मी चार महिने रोज अडकून बसले होते.

मी तेव्हा तिसरीत. आता दहावीत आहे, पाण्याच्या बाटलीवरसुद्धा झपताल वाजवते, शाळेच्या प्रार्थनेला तबल्यावर मीच असते, आणि कुणी “मुलगी असून तबला?” असं विचारलं तर “मग काय, मुलगी असून बाटली?” असं विचारायची हिंमत माझ्यात आलेली आहे. तेव्हा यातलं काही नव्हतं. तेव्हा होता फक्त आईचा तक्ता.

इचलकरंजीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघराच्या दारामागं, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर आईनं तो काढला होता. निळ्या रंगात आई, लाल रंगात पप्पा, हिरव्या रंगात रिक्षावाले काका. पप्पा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांचे डॉक्टर. माग बिघडला की त्यांना हाक. आई खऱ्या डॉक्टरांकडं, दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर काढायची. मंगळवारी आणि शुक्रवारी तक्ता असा चालायचा: पाचला शाळा सुटली की हिरवे काका मला घरी न सोडता दवाखान्यात सोडणार. मी खिडकीच्या मागं स्टुलावर बसून डब्यातली उरलेली चपाती-भाजी संपवणार. साडेपाचला निळी आई पेशंटांना “आले हं, दोन मिनिटं” म्हणून मला दोन गल्ल्या ओढत नेणार आणि सरांच्या जिन्यापाशी सोडून पळत परत जाणार. साडेसहाला लाल पप्पा चहाच्या सुट्टीत लुनावरून येऊन जिन्याखाली हॉर्न देणार, मला दवाखान्यात टाकणार आणि परत कारखान्यात.

यातला एक रंग जरी हलला तरी सगळं कोसळायचं. वर्गाच्या ग्रुपवर ‘उद्या शाळा अडीचला सुटेल’ एवढी एक ओळ आली की आई कपाळाला हात लावायची. “ह्यास्नी काय, अडीचला सुटेल म्हणायला! पोरगी काय खिशात घालून फिरू?”

आणि एक. शाळा, शिकवणी, रिक्षा हे सगळं तक्त्यात पेनानं लिहिलेलं होतं. तबल्याचे दोन चौकोन तेवढे पेन्सिलीनं.

या धावपळीत एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. आई जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत यायची, पप्पा जिन्याच्या खाली लुना चालू ठेवून थांबायचे. चार महिन्यांत दोघांपैकी एकानंही मला सरांपुढं वाजवताना बघितलं नव्हतं.

घरी मी उलट्या डब्यावर वाजवायची. तिथं मला सगळं यायचं. आई वेणी घालताना मी बोल म्हणायची, स्वतःच टाळ्या द्यायची, नवव्या मात्रेवर स्वतःचा हात बाहेर टाकून पुढं जायची. आई म्हणायची, “येतंय की चांगलं. मग सर का म्हणतात घरी करत नाही म्हणून?”

“माहीत नाही,” मी म्हणायची. आणि खरंच माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात दवाखान्यातून आई तणतणत आली. पप्पा मोरीत हातपाय धूत होते, मी त्यांना नळ सोडून देत होते.

“डॉक्टर काय म्हणाले कळलं का? ‘सुजाताबाई, दवाखाना आता तबल्याच्या वेळेवर चालवायचा का?’ भरल्या पेशंटात!”

पप्पांनी मोरीतून हात केला. मी नळ बंद केला.

“मग?” पप्पा ओरडले. ते साधं बोलले तरी ओरडल्यासारखंच असायचं. बावीस वर्षं मागांमध्ये काढलेली.

“मग काय! तिला येत असंल तर मी डॉक्टरांचं चार वेळा ऐकून घीन. पण येतच नसंल तर कशाला ही सर्कस? महिनाअखेरपर्यंत बघायचं. न्हाईतर बंद.”

मी नळाची तोटी धरून उभी राहिले. महिना संपायला सतरा दिवस होते.

शुक्रवारी मी पुन्हा नवव्या मात्रेवर थांबले. सर रागावले नाहीत, ते जास्त वाईट. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, “बेटा, मंगळवारी घरचं कुणीतरी वर येऊ दे. बोलायचंय.”

असा निरोप कशासाठी असतो हे तिसरीतल्या मुलीलासुद्धा कळतं. आईला सांगितलं असतं तर तिनं त्याच संध्याकाळी पेन्सिल खोडून टाकली असती. न सांगणं म्हणजे खोटं, आणि खोटं बोललं की मला उचकी लागायची. मग मी एक युक्ती काढली, आणि त्या युक्तीचा मला अजूनही थोडा अभिमान आहे. निरोप द्यायचा, पण पप्पांना. आणि तोही डाव्या कानात.

पप्पांचा डावा कान मागांनी खाल्लाय. त्या बाजूला फटाका फोडला तरी ते “काय?” म्हणणार.

रविवारी सकाळी पप्पा खिडकीला आरसा टेकवून दाढी करत होते. मी डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि हळूच, एका दमात म्हणाले, “पप्पा, मंगळवारी सरांनी घरच्यांना वर बोलावलंय.”

पप्पांनी हनुवटीवरून वस्तरा फिरवला. मग गालावरून. झालं! निरोप पोचला, उचकी नाही, आणि कुणाला कळलंही नाही. मी उड्या मारत अंगणात गेले.

आरसा माझ्या लक्षातच आला नव्हता. चोवीस मागांच्या खडखडाटात बावीस वर्षं काढलेला माणूस कानानं थोडाच ऐकतो? तो ओठ बघतो.

मंगळवारी पावणेसहाला सरांच्या जिन्यावर पावलं वाजली. ही वेळ कुठल्याच रंगाची नव्हती. दारात पप्पा उभे, केसांत कापसाचा भुगा, हातात काळी पडलेली पकड. घाईत ती ठेवायचीसुद्धा विसरले होते.

“नमस्कार सर!” पप्पा ओरडले. रेवाच्या हातातली तबला सुरात लावायची हातोडी पडली.

“या, या, ढवळे. बसा.”

“बसत न्हाई. कापडं घाण हैत. भागू काय म्हणती?”

माझं नाव भार्गवी. शाळेच्या दाखल्यावर भार्गवी आनंदा ढवळे, एवढं सुंदर लिहिलेलं असताना पप्पा मला चारचौघांत भागू म्हणतात. रेवानं ते लगेच तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं.

सरांनी मला समोर बसवलं आणि पप्पांना म्हणाले, “पोरीचा हात गोड आहे. पण ठेका पुरा होत नाही. खाली आली की थांबते. चार महिने झाले. उगाच तुमची धावपळ आणि तिचा हिरमोड. तुम्हीच बघा.”

मी वाजवायला लागले. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा. सरांचा हात बाहेर. मी थांबले.

“परत,” सर म्हणाले.

मी थांबले.

तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मी मान वर केली. पप्पा माझ्याकडं बघतच नव्हते. ते सरांच्या हाताकडं बघत होते. कुठल्या मागाचा आवाज बदललाय ते शोधताना त्यांची मान जशी तिरकी होते तशी झाली होती. मग त्यांचे कान लाल झाले, आणि ते हसायलाच लागले. आधी नाकातून, मग पोट धरून. मला इतकं रडू फुटलं की डग्गा दिसेना.

“ढवळे?” सर गोंधळले.

“सर, एक काम करा. टाळ्या द्या, पर त्या नवव्याला हात टाकू नगा. हात मांडीवरच ठेवा.”

“बरं.”

“भागू, डोळं पूस. लाव.”

मी नाक ओढलं आणि धरलं. पहिली टाळी. पाचवी टाळी. नवव्या मात्रेला काहीच झालं नाही. धा तिं तिं ता, ता धिं धिं धा, आणि मी परत पहिल्या धा वर आले! मग दुसरं आवर्तन. मग तिसरं. थांबावं कसं हेच मला कळेना. रेवा आता हसत नव्हती. सरांची टाळी अर्ध्यावर राहिली होती आणि तोंड उघडं.

तेवढ्यात पप्पांनी दारातून हात बाहेर टाकला. सर टाकतात तस्साच.

माझे हात उचलले गेले.

“बघा,” पप्पा म्हणाले. पहिल्यांदाच जरा हळू. “हे माझं काम हाय सर. आमच्याकडं चोवीस माग चालू असताना ओरडून कोण ऐकतंय? समदं हातानं. अंगठा तोंडाकडं नेला की चहा. दोन बोटांची कात्री म्हंजी ताण्याचा धागा तुटला. आन् हात असा टाकला की माग बंद. घरात बी तेच. नळ बंद, टीव्ही बंद, मिक्सर बंद. ही रांगत होती तवापास्नं. रडायला लागली तरी मी हात टाकायचो आन् ही गप्प व्हायची. आम्हाला वाटायचं लई गुणी पोरगी.” त्यांनी पकड या हातातून त्या हातात घेतली. “ती थांबत न्हाई सर. मीच थांबवतोय तिला. घरी बसून.”

सरांनी आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला.

“म्हणजे चार महिने,” ते म्हणाले, “मी हिला एकीकडं वाजव म्हणतोय आणि दुसरीकडं माग बंद कर म्हणतोय.”

“आन् ती ऐकतीया!”

मग दोघंही हसले. मला अजून कळलं नव्हतं की मी पास झाले की नापास.

“काही हरकत नाही,” सर म्हणाले. “मी हिच्यापुरता हात टाकायचा सोडतो. बोटानं दाखवीन.”

“नगं,” पप्पा म्हणाले. “उद्या दुसऱ्या कुणाम्होरं बसली, त्यानं हात टाकला, मग? सर, तुमचा हा हात किती जुना?”

“माझ्या उस्तादांचा. त्यांच्या उस्तादांचा. त्याच्या आधीचं मला माहीत नाही.”

“आन् आमचा आमच्या म्हाताऱ्या मुकादमाचा. त्यो बी गेला बिचारा. तुमचा ऱ्हाऊ दे. आमचा बदलतो.”

एवढं बोलून त्यांनी घड्याळ बघितलं, चपला घातल्या आणि मला घेऊन निघाले. त्या दिवशी आम्ही सहा वाजता दवाखान्यात पोचलो. अर्धा तास आधी. रंग चुकलेला बघून आई खिडकीतच अर्धी उठली.

“काय झालं? पडली का?”

“न्हाई पडली!” पप्पा ओरडले. बाकावरचे सगळे पेशंट वळले. “सोळाच्या सोळा वाजवती ती! मीच तिला बंद करत होतो!”

“काय बोलताय तुम्ही?”

पप्पांनी सगळं सांगितलं, हातवारे करून, पकडीसकट. आईनं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, “म्हंजे येतं तिला?”

“येतं.”

आई खाली बसली, पेन उचललं आणि पुढच्या पेशंटाचा केसपेपर लिहायला घेतला. खिडकीत उभ्या असलेल्या आजोबांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, “बाई, माझं नाव भार्गवी न्हाई.”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात आणि कारखान्यात गोंधळ सुरू झाला. नवी खूण ठरली होती: मूठ. हात वर करून मूठ मिटली की बंद. उघडा हात टाकला तर चालूच ठेवायचं. पण बावीस वर्षांची सवय अशी जाते होय? एका सकाळी वरची टाकी भरली म्हणून आईनं गच्चीच्या दारातून पप्पांना हात टाकला. पप्पा मोटारीच्या बटणापाशी उभे. हात दिसला, आणि त्यांनी बटणाला हातही लावला नाही. पाणी जिन्यावरून धो धो आलं.

“दिसत न्हाई का तुम्हाला? हात केला की मी!”

“त्यो हात म्हंजी चालू ठेव!”

“अहो, पण पाणी!”

“मग मूठ धर की!”

आईनं मूठ धरली. ती टाकीसाठी नव्हती, एवढं मला नक्की कळलं.

कारखान्यात तर सिद्राम मामांनी साफ नकार दिला. ते सगळ्यांत जुने कामगार, पप्पांपेक्षाही आधीचे. मी रविवारी डबा द्यायला गेले होते तेव्हा दाराबाहेर दोघांचं चाललेलं ऐकलं.

“आनंदा, तीस वर्षं हात टाकतोय मी. आता तुझ्या पोरीच्या ढोलकीपायी मूठ धरू?”

“तबला,” पप्पा म्हणाले.

“तेच की!”

“मामा, तुम्ही हात टाका न्हाईतर पाय टाका. हात टाकला तर मी हालणार न्हाई. मूठ धरली तर जेवणावरनं उठून येईन.”

दोन दिवस मामा हट्टाला पेटले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मागावर आडव्या धाग्याचा धोटा अडकला, कापड फाटायची वेळ आली. मामांनी हात टाकला. पप्पा समोर उभे राहून छान बघत राहिले. मामांनी शेवटी अशी मूठ उगारली की पप्पांना वाटलं आता मारतातच. पण पप्पा पळत गेले, आणि प्रश्न मिटला.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी साडेपाचला आई मला जिन्यापाशी सोडून वळली नाही. माझ्यामागून वर आली. चपला हातात घेऊन दारात उभी राहिली, कारण पळायचं झालं तर घालायला वेळ नको. “दोनच मिनिटं हं सर. मला बघायचंय.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. “टाकू हात?”

मी होकाराची मान हलवली. 

धा धिं धिं धा. धा धिं धिं धा. सरांचा हात उचलला गेला, बाहेर गेला, आणि माझी बोटं वर उचलली गेली. केसभर. तबल्यावरच्या काळ्या शाईवरून तेवढी हवा गेली असेल. आणि मग ती परत टेकली. धा तिं तिं ता. ता धिं धिं धा. धा!

दुसऱ्या आवर्तनाला ती उचललीसुद्धा गेली नाहीत. सर हात टाकत होते, मी पुढं जात होते. सर मुद्दाम मोठा हात टाकत होते, भिंतीला लागेल एवढा, आणि मी त्यांच्याकडं बघून दात काढत वाजवत होते.

“थांबली न्हाई,” आई म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही. तिचा मोबाइल वाजला, दवाखान्यातून. आईनं बघितलं आणि कापला. परत वाजला, परत कापला. पूर्ण सात मिनिटं ती चपला हातात धरून उभी होती. मी वाजवता वाजवता सरांच्या भिंतीवरच्या घड्याळात मोजली.

घरी आल्यावर तिनं नव्या महिन्याचा तक्ता काढला. मी शेजारी बसून रंग पुरवत होते. तबल्याचे चौकोन आले तेव्हा मी सवयीनं पेन्सिल पुढं केली.

“पेन दे,” आई म्हणाली.

डॉक्टर तिला त्या आठवड्यात काय बोलले ते तिनं मला कधीच सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात मी सायकलवरून कारखान्यात डबा द्यायला गेले होते. आता मी कुणाच्याच रंगात नसते, माझी मीच जाते. पप्पा आत एका मागाखाली पालथे पडलेले, फक्त पाय दिसत होते. सिद्राम मामा दारापाशी सुताच्या कांड्या बघत होते, आता कान दोन्ही गेलेले, पण डोळे घारीचे. आठ दिवसांपूर्वी लागलेला एक नवा कामगार पलीकडच्या मागावर होता. त्याचा धागा तुटला. तो कुठल्या तरी दुसऱ्या कारखान्यातून आलेला, त्यानं जुन्या सवयीनं साथीदाराला बटण बंद करायला हात टाकला. उघडा, बाहेर, ऐटीत. नवव्या मात्रेवर सर टाकतात तस्सा.

साथीदार ढिम्म. माग चालूच.

त्यानं परत हात टाकला. काही नाही.

सिद्राम मामा कांड्या टाकून पुढं गेले, आपली सुरकुतलेली मूठ त्याच्या नाकापुढं धरली आणि चोवीस मागांच्या वर आवाज काढून ओरडले, “असा हात टाकू नगंस रे! ती खाली हाय!”

“खाली?” तो बिचारा पायाखाली बघायला लागला. “खाली म्हंजी काय?”

“खाली म्हंजी चालू ठेव!”